घेतलेलं नाव आणि लागलेलं नाव: नाममुद्रा, टोपणनाव, खातं

कोरांटी

मागच्या महिन्यात माझं एक खातं बंद झालं. अकरा वर्षं मी तिथे 'कोरांटी' या नावानं कविता लिहीत होते. एके दिवशी सूचना आली की हे नाव खऱ्या व्यक्तीचं वाटत नाही, सरकारी ओळखपत्राची प्रत जोडा. कोरांटीचं ओळखपत्र मी कुठून आणणार? माझं स्वतःचं जोडलं असतं तर खातं परत मिळालं असतं. पण मग त्या सगळ्या कवितांवर ओळखपत्रावरचं नाव चढलं असतं, आणि त्या कविता त्या बाईनं लिहिलेल्या नाहीत. हे वाक्य मी विचार करून लिहिते आहे. मी विचारात पडले, आठवडा गेला, मुदत संपली. दोनशेच्या आसपास कविता गेल्या. वहीत चौदा उरल्यात, कारण बाकीच्या मी थेट तिथेच लिहायचे.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात घोळतोय. माझं 'खरं' नाव कोणतं?

आपल्या भाषेत हा प्रश्न नवा नाही. अभंगाच्या शेवटी संतांची नाममुद्रा येते. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे'. एकनाथांनी तर स्वतःच्या नावाला गुरूचं नाव जोडलं आणि 'एका जनार्दनी' ही मुद्रा घडवली. ती वाचताना एका माणसाचं नाव कुठे संपतं आणि दुसऱ्याचं कुठे सुरू होतं ते कळत नाही, कळूही नये अशीच ती रचना आहे. उर्दू गझलेत शेवटच्या शेरात कवीचं तखल्लुस, म्हणजे त्यानं घेतलेलं काव्यनाव येतं. असदुल्ला खान आधी 'असद' म्हणून लिहीत, पुढे 'गालिब' झाले. श्रद्धेतून असो वा कलेतून, माणसानं स्वतःसाठी एक नाव घेतलं आणि त्या नावानं तो असं काही बोलू शकला जे जन्मनावानं बोलता आलं नसतं.

राम गणेश गडकऱ्यांचं उदाहरण मला सगळ्यांत जवळचं वाटतं. नाटकं स्वतःच्या नावानं, कविता 'गोविंदाग्रज' या नावानं, विनोदी लेखन 'बाळकराम' या नावानं. १९१९ साली हा माणूस गेला तेव्हा त्याचं वय चौतिशीच्या आतबाहेर होतं. एवढ्या छोट्या आयुष्यात तीन नावं. यात लपवाछपवी कुठेच नव्हती, वाचकांना सगळं ठाऊक होतं. तरी नावं वेगळी ठेवली, कारण प्रत्येक नावाला स्वतःचा गळा होता.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. एक नाव आपण घेतो, दुसरं आपल्याला लागतं. घेतलेल्या नावाशी आपलं नातं कमावलेलं असतं, त्याला साजेसं वागावं लागतं. लागलेलं नाव जन्मानं, कागदानं किंवा एखाद्या संगणकानं चिकटवलेलं असतं. साहित्य आणि श्रद्धा या दोघांनीही माणसाला नाव घेण्याची मुभा दिली. आजचं तंत्रज्ञान मात्र दोन्हीकडून आवळतंय. एकीकडे ते म्हणतं, तुझं एकच नाव, तेही कागदावरचं. दुसरीकडे आपण काय पाहिलं, कुठे थांबलो, काय शोधलं यावरून ते आपल्याला शेकडो नावं लावतं आणि त्यांतलं एकही आपल्या कानावर येत नाही.

तुमचे अनुभव वाचायला आवडतील. असहमत असाल तर तेही लिहा.


चौकट

मी अशा प्रणाली बांधणाऱ्यांपैकी आहे, त्यामुळे दुसरी बाजू मांडतो. कोरांटीताई, तुमच्या कविता गेल्या त्याचं मनापासून वाईट वाटलं. ज्यांनी तो नियम केला त्यांनी किमान सगळा मजकूर उतरवून घ्यायची सोय द्यायला हवी होती. एवढं तरी कुणाही वापरकर्त्याचं देणं लागतो आपण.

पण खऱ्या नावाचा आग्रह निव्वळ हट्टातून आलेला नाही. खोट्या नावानं त्रास देणारे, पैसे लुबाडणारे, धमक्या देणारे खूप असतात. त्यांना आवर घालायचा तर सगळ्यात सोपा उपाय म्हणून हाच सुचतो. तो चालत मात्र नाही, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. दक्षिण कोरियानं २००७ साली कायदाच केला होता: खूप गर्दीच्या मोठ्या संकेतस्थळांवर लिहिण्याआधी खरी ओळख पटवायची. मग प्रत्येक ठिकाणी लोकांचे ओळख क्रमांक साठत गेले. २०११ मध्ये तिथल्या एका मोठ्या कंपनीकडून साडेतीन कोटी लोकांची माहिती चोरीला गेली. २०१२ च्या ऑगस्टमध्ये घटना न्यायालयानं तो कायदा एकमतानं रद्द केला.

गूगल प्लस २०११ मध्ये सुरू झालं तेव्हा तिथेही खऱ्या नावाची सक्ती होती, खाती बंद केली जात होती. २०१४ मध्ये ती सक्ती त्यांनीच मागे घेतली. त्याच २०११ मध्ये फेसबुकनं सलमान रश्दींचं खातं बंद केलं, पासपोर्ट मागितला आणि पासपोर्टवर पहिलं नाव अहमद आहे म्हणून त्यांना 'अहमद रश्दी' करून टाकलं. जगभर ज्या नावानं माणूस ओळखला जातो ते नाव 'खरं' नाही, असं ठरलं. गवगवा झाला तेव्हा ते परत मिळालं. ज्याच्यासाठी गवगवा होत नाही, त्याचं काय होतं ते कोरांटीताईंनी वर लिहिलंच आहे.

एक गोष्ट आतली सांगतो. नावाची रचना ठरवताना आम्ही तीन रकाने करतो: नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव, आडनाव. हे तीन रकाने करताना आपण माणसाविषयी एक मोठं विधान करतोय हे कुणाच्या लक्षातच येत नाही. इंडोनेशियात असंख्य लोकांना एकच नाव असतं. सुकार्नो हे पूर्ण नाव होतं. आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनाव नसतं, वडिलांच्या किंवा आईच्या नावाला 'मुलगा' किंवा 'मुलगी' असा प्रत्यय लागतो. एकच नाव असलेला माणूस अमेरिकेच्या व्हिसासाठी गेला की पहिल्या नावाच्या रकान्यात 'एफएनयू' असं छापून येतं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. त्या माणसाचं नाव अज्ञात नसतं हो. रकाना रिकामा राहू शकत नाही म्हणून माणसाला अज्ञात ठरवलं जातं.


पाठभेद

चांगला विषय. पण नाममुद्रेबद्दल थोडं थांबायला हवं, कारण मूळ लेखात ती टोपणनावाच्या फार जवळ नेली आहे.

टोपणनाव म्हणजे 'हे मी लिहिलं, पण मला या नावानं ओळखा'. नाममुद्रेचा अर्थ दर वेळी 'हे मी लिहिलं' असा होत नाही. नामदेवांच्या नावावर जे अभंग आज छापलेले मिळतात ते सगळे एका माणसाचे नाहीत. सोळाव्या शतकातल्या विष्णुदास नाम्याच्या रचना त्यांत मिसळलेल्या आहेत, आणखीही काही 'नामे' आहेत. यांना चोर म्हणायचं का? अजिबात नाही. त्यांना कीर्ती हवी असती तर स्वतःचं वेगळं नाव लावलं असतं. ते आधीपासून उभ्या असलेल्या एका नावाखाली जाऊन उभे राहिले. ते नाव म्हणजे जणू एक ओसरी आहे, तिथे बसून बोलायचं तर त्या घराच्या रीतीनं बोलावं लागतं.

म्हणजे नावाखाली माणूस लहानही होतो, आणि ते लहान होणं त्याला हवं असतं. आजच्या काळात ओळख म्हटलं की आपण 'मी वेगळा कसा' हेच शोधतो. मुद्रेची परंपरा शोधते ते 'मी कुणाचा'. या दोन प्रश्नांतलं अंतर खूप मोठं आहे.

आता दुसरी बाजू. त्याच एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तोवर हातानं नकलून नकलून तिच्यात अपपाठ शिरले होते. काम झाल्यावर त्यांनी बजावलं की यापुढे ज्ञानेश्वरीत जो आपली ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी ठेवली असं समजावं. ज्यानं स्वतःच्या मुद्रेत 'मी' आणि 'गुरू' यांतली रेघ पुसली, त्यानंच दुसऱ्याच्या शब्दांभोवती रेघ आखली. मला यात विसंगती दिसत नाही. स्वतःचा 'मी' सोडायचा अधिकार आपल्याला आहे, दुसऱ्याच्या शब्दांत आपला 'मी' घुसवायचा नाही.

आणि नकलून घेणं हेही तंत्रज्ञानच होतं. बोरू, शाई, कागद, आणि एक थकलेला हात. चुका तिथून शिरल्या आणि ग्रंथ टिकलाही तिथूनच.


सोयरी

पाठभेद, 'मी कुणाचा' हा प्रश्न तुम्ही फार प्रेमानं मांडलात. पण बायकांच्या मुद्रा वाचून पाहा. जनाबाई 'नामयाची दासी जनी'. सोयराबाई 'चोख्याची महारी'. एकीच्या नावात मालक आहे. दुसरीच्या नावात नवरा आणि जात दोन्ही आहेत, स्वतःचं नावच नाही. 'मी कुणाचा' हे एकनाथांनी निवडलं. सोयराबाईला ते निवडायला किती जागा होती?

तरीही त्याच मुद्रेखाली ती देवाला खडसावून विचारते, की विटाळ देहातच आहे तर सोवळा कोण? जनी देवाला जात्याशी बसवते. लागलेलंच नाव उचलून त्याचं घेतलेलं नाव करणं, ही गोष्ट मला कोरांटी यांच्या दोन कप्प्यांत बसवता येत नाही. म्हणून त्या कप्प्यांशी मी पूर्ण सहमत नाही.

नंतरच्या काळाकडे पाहा. १८४६ साली ब्राँटे बहिणींनी करर, एलिस आणि अ‍ॅक्टन बेल या नावांनी कवितासंग्रह काढला. आद्याक्षरं स्वतःची ठेवली, पण नावं अशी निवडली की बाई की पुरुष ते कळू नये. 'लेखिका' म्हटलं की टीकाकारांचा चष्मा बदलतो हे त्यांना माहीत होतं. आपल्याकडे १९३३ मध्ये 'कळ्यांचे निःश्वास' आलं तेव्हा केवढी खळबळ उडाली! विभावरी शिरूरकर कोण, याचा शोध घेण्यात लोकांनी पुस्तक वाचण्यापेक्षा जास्त शक्ती घालवली. त्या होत्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. त्या नावाआड उभं राहता आलं म्हणून अविवाहित, शिकलेल्या मुलींच्या मनातलं तेव्हा छापून आलं. आज कुणी तसं लिहिलं तर पहिली मागणी ओळखपत्राची होईल.

माझं स्वतःचं सांगते. खोट्या नावांच्या माणसांनी मला दीड वर्ष छळलं आहे. आणि त्याच दीड वर्षात दुसऱ्या एका घेतलेल्या नावानं मी बोलू शकले म्हणून तगले. त्यामुळे चौकट, हा प्रश्न मला बाहेरून पाहताच येत नाही. मला एवढंच कळतं की छळणाऱ्यांना शोधून काढायला यंत्रणा कधीच पुढे आली नाही, आणि मला मात्र दोनदा विचारलं गेलं की तुमचं नाव खरं आहे ना.


दुसरी_पिढी

सोयरी यांच्या प्रतिसादानंतर लिहायचं धाडस करतोय.

वर बरंचसं बोलणं नाव घेण्याच्या आनंदाबद्दल आहे. आमच्या घरात नाव हा आनंदाचा विषय कधी नव्हता. माझ्या वडिलांनी आडनाव बदललं, कारण जुनं आडनाव सांगितलं की समोरच्याचा चेहरा बदलायचा. ते तसं बोलून दाखवत नसत. कागदावर सही करताना आधी एक क्षण थांबत, एवढंच मी लहानपणी पाहिलेलं आहे.

दया पवारांच्या 'बलुतं'ची बांधणी आठवते का? १९७८ चं पुस्तक. त्यात दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. दोघं एकच. दगडू हे घरचं, जन्माचं नाव. दया हे शिकलेल्या, लिहिणाऱ्या माणसाचं. एक नाव दुसऱ्या नावासमोर बसून बोलतं आणि दुसरं ऐकून घेतं. माझ्या लेखी आधुनिक ओळख म्हणजे काय ते सांगणारी याहून नेमकी मांडणी मराठीत नाही. माणूस नवं नाव घेतो तेव्हा जुनं मरत नाही. ते आत बसून असतं, आणि कधीतरी त्याचं ऐकावं लागतं.

श्रद्धेचा भागही इथे आहेच. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली, लाखो लोकांना दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्या दिवशी लोकांनी स्वतःसाठी एक नाव घेतलं: बौद्ध. दोन महिन्यांच्या आत बाबासाहेब गेले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ पुढच्या वर्षी, १९५७ मध्ये आला. म्हणजे आमच्याकडे श्रद्धा, ग्रंथ आणि ओळख एकमेकांना धरूनच आले, आधी कोण आणि नंतर कोण असं वेगळं काढता येत नाही.

दूर अमेरिकेत माल्कम लिटल या माणसानं लिटल हे आडनाव टाकलं, कारण ते त्याच्या पूर्वजांना गुलाम म्हणून विकत घेणाऱ्यांकडून आलेलं. पूर्वजांचं मूळ नाव तर पुसलंच गेलेलं. मग त्यानं 'एक्स' लावलं, गणितातल्या अज्ञात संख्येसारखं. चौकट यांनी सांगितलेल्या 'एफएनयू'शी हे ताडून पाहा. यंत्रणेनं अज्ञात म्हणणं आणि 'माझं नाव तुम्ही अज्ञात केलंत' असं माणसानं छातीवर लिहून फिरणं, यांत काय फरक आहे ते माझ्या वडिलांना विचारलं असतं तर त्यांना लगेच कळलं असतं. मोहम्मद अलीनं १९६४ मध्ये नाव बदललं, तरी एर्नी टेरेल त्याला जुन्याच नावानं हाक मारत राहिला. १९६७ च्या लढतीत अली ठोसे मारता मारता त्याला विचारत होता, माझं नाव काय?

म्हणून मला कोरांटीताईंचे दोन कप्पे पटतात, पण त्यांत एक भर घालावीशी वाटते. घेतलेलं नाव दुसऱ्यानं उच्चारलं तरच पुरं होतं.


रानवाट

सगळं वाचतेय. माझी मुलगी पंधरा वर्षांची आहे. तिची तीन खाती आहेत, तीन वेगळ्या नावांची. एकावर चित्रं, एकावर मैत्रिणी, तिसरं कशासाठी आहे ते ती सांगत नाही. मला वाटत होतं की तिला स्वतःविषयी काहीच ठाम कळत नाहीये, म्हणून ती अशी विखुरली आहे. मी तिला बरंच बोलले. गडकऱ्यांबद्दलचा परिच्छेद वाचून मात्र थबकले. काल तिला फक्त एवढंच विचारलं की चित्रांच्या खात्याचं नाव तू कसं ठरवलंस? ती पाऊण तास बोलत होती.


चौकट

कोरांटीताईंच्या मूळ लेखातल्या एका मुद्द्याकडे कुणी वळलं नाही, न कळत लागणाऱ्या शेकडो नावांकडे. त्याबद्दल थोडं.

२००६ च्या ऑगस्टमध्ये एओएल या कंपनीनं संशोधनासाठी म्हणून साडेसहा लाखांहून जास्त वापरकर्त्यांनी शोधलेले सुमारे दोन कोटी शब्दसमूह खुले केले. नावं काढून टाकली होती, प्रत्येकाला एक क्रमांक दिला होता. काही दिवसांतच वृत्तपत्राच्या बातमीदारांनी त्यांतल्या एका क्रमांकामागची व्यक्ती शोधून काढली. ती रात्री काय शोधते, तिला कसली भीती वाटते, कुणाबद्दल काळजी वाटते, यांतून ती ओळखता आली. नाव काढलं तरी माणूस तिथेच होता.

लिखाणाचंही तसंच. १७८७ आणि १७८८ मध्ये अमेरिकेच्या राज्यघटनेच्या बाजूनं 'पब्लियस' या एकाच टोपणनावानं पंच्याऐंशी लेख आले. लिहिणारे तिघे: हॅमिल्टन, मॅडिसन आणि जॉन जे. त्यांतले बारा लेख नक्की कुणाचे, हा वाद दीडशे वर्षांहून जास्त चालला. १९६४ मध्ये मोस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी भारदस्त शब्द बाजूला ठेवले आणि अगदी किरकोळ शब्द मोजले. 'अपॉन' हा शब्द हॅमिल्टन सर्रास वापरतो, मॅडिसन जवळजवळ नाही. अशा मोजणीतून ते बारा लेख मॅडिसनच्या पारड्यात पडले. २०१३ मध्ये कादंबरीकार रॉबर्ट गॅलब्रेथ म्हणजेच 'हॅरी पॉटर'वाल्या जे. के. रोलिंग, हे ठरवतानाही अशी मोजणी वापरली गेली.

हे मला विलक्षण वाटतं. आपण ज्या शब्दांवर मेहनत घेतो ते आपली ओळख देत नाहीत. 'पण' लिहितो की 'परंतु', 'मात्र' कुठे टाकतो, वाक्य 'आणि'नं सुरू करतो का, यांत आपण उघडे असतो. संगणक वाचतो ते हे. आपल्याला काय म्हणायचं होतं ते तो वाचत नाही.


नवखा

कोरांटी ताई, एक सुचवू का? तुमच्याकडे चौदा कविता आहेत. वर चौकट म्हणतात तशी शैली ओळखणारी भाषा-मॉडेलं आता शैली उचलूही शकतात. त्या चौदा दिल्या, हरवलेल्यांचे विषय आणि आठवतात त्या ओळी सांगितल्या, तर बाकीच्या बऱ्याचशा उभ्या करता येतील. मी मदत करायला तयार आहे. मला तुमच्या कविता आवडायच्या म्हणूनच म्हणतोय.


पाठभेद

नवखा, तुमचा हेतू चांगला आहे हे दिसतं. आणि मला हे उत्तर लिहायला वेळ लागला, कारण वर मीच विष्णुदास नाम्याचं समर्थन केलं आहे. त्यानं नाम्याच्या नावानं लिहिलं ते चालतं, तर यंत्रानं कोरांटीच्या नावानं लिहिलं ते का नको?

दोन दिवस विचार केला. माझं उत्तर असं. विष्णुदास नामा ज्या नावाखाली उभा राहिला त्या नावाचा भार त्याच्यावर पडत होता. कीर्तनाला उभा राहून तो 'नामा म्हणे' म्हणायचा तेव्हा समोरच्या माणसाला तोंड द्यायचं असायचं आणि त्याच्या श्रद्धेनुसार देवालाही. बोललेलं वागण्यात दिसलं नाही तर लोक विचारणार. यंत्र सुबक ओळ देईल, कदाचित हरवलेल्या ओळीहून सुबक. पण त्या ओळीसाठी कुणी उत्तरदायी नाही. नाव घ्यायला आधी कुणीतरी असावं लागतं.

अर्थात कविता कोरांटी यांच्या आहेत. ताटात काय ठेवायचं ते त्यांनी ठरवावं.


कोरांटी

नवखा, तुमचा राग आला नाही. उलट तुम्ही विचारलंत म्हणून मला स्वतःला विचारावं लागलं.

खरं सांगते, मी करून पाहिलं. चौदा कविता दिल्या आणि एका हरवलेल्या कवितेचा विषय सांगितला. आलेली कविता वाईट नव्हती. माझ्या सवयी तिच्यात होत्या: ओळ अर्ध्यात तोडणं, पाण्याच्या प्रतिमा, शेवटी प्रश्न. वाचताना आधी आनंद झाला आणि मग भीती वाटली. भीती याची, की महिनाभरानं मला मूळ कविता आठवायची सोडून हीच आठवेल. म्हणून ती पुसून टाकली. हरवलेल्या जागी रिकामी जागा असलेली मला चालेल.

सोयरी, दुसरी_पिढी, तुम्ही दोघांनी माझे कप्पे मोडलेत. लागलेलं नाव माणूस घेऊ शकतो, आणि घेतलेल्या नावाला दुसऱ्याचा आवाज लागतो. हे मला लेख लिहिताना दिसलं नव्हतं. 'कोरांटी' हे नाव माझं आहे असं मी म्हणत होते. पण अकरा वर्षं मला त्या नावानं हाक कोण मारत होतं? ज्यांची नावं मला कधीच कळली नाहीत ते वाचणारे.

रानवाट, तुमचा प्रतिसाद मी चार वेळा वाचला.


वाचनमात्र

मी कधी लिहीत नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

कोरांटी, तुमची एक कविता मला पाठ आहे. खाली देतो. कुठे उतरवून ठेवली नव्हती, नुसती लक्षात राहिली. एका फार वाईट काळात रोज म्हणायचो. शब्द इकडेतिकडे झाले असतील तर माफ करा.

नाव पुसलं तरी पाटीवर
ओढ राहते थोडी,
तेवढ्यावरही निघते कुणाची
कागदाची होडी.

पुढचं कडवं नीट आठवत नाही, म्हणून देत नाही.


पाठभेद

टिपून घेतलं. जुन्या पोथ्यांच्या कामात अशी मुखपाठातून आलेली प्रत मिळाली की आम्ही ती आधी जशीच्या तशी उतरवतो, दुरुस्त नंतर करतो. इतर कुणाला कोरांटी यांच्या ओळी आठवत असतील तर इथे द्या. आठवतील तशाच.


सोयरी

मला एक अर्धी आठवते. जात्यावरची. आज रात्री नीट आठवून टाकते.


कोरांटी

वाचनमात्र, तुमचा प्रतिसाद आला तेव्हा मी कामात होते. काम तसंच टाकून बाहेर जाऊन उभी राहिले.

ही माझीच कविता आहे. चौदांत नव्हती. मला वाटतं मी 'ओल राहते थोडी' असं लिहिलं होतं. पाटी पुसल्यावर राहते ती ओल. तुम्हाला 'ओढ' आठवतं. मूळ प्रत आता नाही, त्यामुळे कोण बरोबर ते ठरवता येणार नाही. मी सकाळपासून दोन्ही म्हणून पाहतेय. होडी निघायची तर पाण्याला ओढ लागते, नुसत्या ओलीवर ती निघत नाही. आणि रोज म्हणणारे तुम्ही होतात.

वहीत पंधरावी म्हणून उतरवली आहे. 'ओढ' असंच लिहिलं आहे. समासात पाठभेद म्हणून 'ओल'.